"नाणं खरं आहे का हो?" असं ऑनलाइन विचारायच्या आधी

रोज कुठेतरी कोणीतरी जुन्या नाण्याचा एक फोटो टाकतं, अंधारात काढलेला, तळहातावर कायतरी काळपट गोल, आणि खाली एकच ओळ, "ओरिजिनल आहे का?" मग वीस जणांचे वीस तर्क. हसत नाहीये मी, कारण सुरुवातीला मीही अगदी हेच केलंय. रोमन सम्राट टायबेरियसचा डिनॅरियस, म्हणजे चांदीचं नाणं, घेतला होता, तोच तो, मागच्या बाजूला बसलेली बाई आणि कडेने 'पॉन्टिफ मॅक्सिम' अशी अक्षरं, जो सगळ्यांनाच हवा असतो आणि म्हणूनच ज्याच्या नकला ढिगाने आहेत. सोफ्यावर ठेवला, फ्लॅश मारून फोटो काढला आणि टाकला. पहिल्या तासात "मस्त पीस", "अभिनंदन", मी खूश. मग एकाने शांतपणे विचारलं, वजन किती? कडेचा फोटो आहे का? माझ्याकडे दोन्ही नव्हतं. स्वयंपाकघरातला काटा कधी २ दाखवायचा कधी ३. शेवटी बारीक काटा मिळवून वजन केलं तर २.८ ग्रॅम, आणि असायला हवं होतं ३.७ च्या आसपास. भिंगातून कड बघितली तर सगळीकडून एक घासलेली रेघ फिरलेली. ओतीव माल, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेली नक्कल.

तर पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, फोटोवरून नाणं खोटं आहे हे बऱ्याचदा ठामपणे सांगता येतं, पण खरं आहे हे तसं सांगता येत नाही, तिथे जास्तीत जास्त "मला तरी काही खटकत नाहीये" एवढंच उत्तर मिळणार. म्हणजे तुम्ही खरं तर खटकण्यासारख्या जागा शोधायला लोकांना बोलावताय, आणि त्या जागा दिसतील असं सगळं त्यांच्यासमोर ठेवणं हे तुमचं काम.

आणि त्याआधी एक, नाणं साफ करू नका. प्लीज. चिंच नको, लिंबू नको, टूथपेस्ट नको, चांदी चमकवायचं लिक्विड तर अजिबात नको. पॅटिना म्हणजे काळाने धातूवर चढलेला थर, खाचेत बसलेली माती, अक्षरांच्या कोपऱ्यातले थर, हे सगळे पुरावे आहेत, आणि घासून चकाचक केलेल्या नाण्याबद्दल जाणकार माणूसही काही बोलू शकत नाही. फरशीवर टाकून खणखण वाजवूनही बघू नका, नवीन चांदीला ते चालतं पण दोन हजार वर्षं जमिनीत राहिलेली चांदी कधीकधी आतून स्फटिकासारखी ठिसूळ झालेली असते आणि बिस्किटासारखा तुकडा पडतो. खरं असलं तर त्याच क्षणी मोडलं.

आता फोटो. खिडकीजवळचा दिवसाचा उजेड, थेट ऊन नको, फ्लॅश तर नकोच. खाली साधा पांढरा किंवा करडा कागद. मोबाइल नाण्याच्या अगदी नाकाशी नेला की फोकस जातो आणि फोनची सावलीपण पडते, त्यामुळे एक वीतभर लांब धरा, दुप्पट झूम करा, आणि नंतर क्रॉप करा. फिल्टर, ब्युटी मोड, शार्पनेस वाढवणं काही करू नका. दोन्ही बाजू सरळ उभ्या, म्हणजे राजाचं डोकं वर, आडवं नाही. उजेड एका बाजूने तिरका येईल असा एक जास्तीचा फोटो काढा, त्यात पृष्ठभागाचे खड्डे आणि उठाव कळतात. आणि कड! कडेचे निदान तीन-चार फोटो, नाणं बोटात धरून फिरवत फिरवत काढलेले, कारण लोक नेमकं हेच विसरतात आणि जाणकार नेमकं हेच मागतात. ओतीव नाण्याचा सांधा कडेवर असतो, इलेक्ट्रोटाइप म्हणजे दोन पातळ कवचं जोडून केलेली नक्कल असेल तर तिचाही जोड तिथेच, आणि तो लपवायला घासलं असेल तर घासल्याच्या रेघापण तिथेच. उलट पाडलेल्या नाण्याला, म्हणजे दोन डायमध्ये (चित्र कोरलेल्या ठशांमध्ये) ठेवून हातोडा मारलेल्याला, कडेला बऱ्याचदा चिरा जातात, त्या आतपर्यंत नीट फाटलेल्या असतात, ओतीव नकलेत त्याच चिरा वितळल्यासारख्या गोलसर बुजलेल्या दिसतात. फोटो पाठवताना मेसेजिंग ॲप दाबून बारीक करतं, तेव्हा फाइल म्हणून पाठवा.

वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर घ्या, "अंदाजे ३-४ ग्रॅम" हे वजन नाही. व्यास मिलिमीटरमध्ये, नाणं वाकडंतिकडं असेल तर लांबी आणि रुंदी दोन्ही. अंदाज यावा म्हणून सांगतो, अथेन्सचं घुबडवालं चांदीचं नाणं टेट्राड्राक्म १७.२ ग्रॅमच्या जवळपास, ऑगस्टसचा डिनॅरियस ३.८ च्या आसपास, पण नीरोने इ.स. ६४ मध्ये वजन उतरवलं त्यानंतरचा ३.४ कडे, कॉन्स्टंटाइनचा सोन्याचा सॉलिडस साधारण ४.५, आपले मौर्यकाळातले चांदीचे आहत, म्हणजे ठसे मारलेले, कार्षापण ३.४ च्या आसपास. थोडं कमी म्हणजे खोटं असं नाही, झीज असते, कड कापलेली असते. पण पाव वजन गायब असेल तर प्रश्न पडलाच पाहिजे. जास्त वजन तर आणखी संशयास्पद, कारण झिजून कोणी जाड होत नाही.

चांदी किंवा सोनं असेल तर घनतापण काढा, सोपं आहे. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा, बारीक दोऱ्याला नाणं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला काठाला टेकू देऊ नका, काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. समजा वजन ३.४० आणि पाण्यात ०.३३, तर घनता १०.३, शुद्ध चांदीची १०.५ असते म्हणजे चांगली चांदी. ८.९ च्या जवळ आली तर तांबं, ७.३ आली तर कथील, ११.३ असेल तर शिसं. छोट्या नाण्यात काट्याचा एक पॉइंट इकडेतिकडे झाला तरी उत्तर हलतं, म्हणून तीनदा करा. आणि चांदी निघाली म्हणजे नाणं खरं असं नाही हां, हुशार नकलाकार चांदीच वापरतो. लोहचुंबकाचंही तसंच, चिकटलं तर बहुतेक गडबड आहे, नाही चिकटलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

पोस्ट करायच्या आधी अर्धा तास स्वतः शोधा. रोमन साम्राज्याच्या नाण्यांसाठी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा ओक्रे (OCRE) हा फुकट डेटाबेस आहे, सम्राटांच्या आधीच्या रोमन रिपब्लिकसाठी तसाच सीआरआरओ (CRRO), शिवाय जुन्या लिलावांचे फोटो एसीसर्च (acsearch) या साइटवर बघायला मिळतात. तुमच्यासारखी पाच-दहा नाणी शेजारी शेजारी ठेवा, अक्षरांची वळणं, डोळा, केस, कडेचे ठिपके बघा.

इथे एक गंमत आहे जी नवख्यांना उलटी वाटते. "सेम टू सेम माझ्यासारखंच एक सापडलं, म्हणजे माझं खरं!" नाही ना. जुने डाय हाताने कोरलेले, एका डायमधून हजारो नाणी पडायची, त्यामुळे दोन खऱ्या नाण्यांवर चित्र हुबेहूब एकच असू शकतं. पण धातूची चकती प्रत्येक वेळी वेगळी, हातोडा वेगळा बसलेला, चित्र कुठे डावीकडे सरकलेलं, चिरा वेगळ्या, झीज वेगळी, ओरखडे तर वेगळेच. चित्रही तेच, सरकलंय तेवढंच, ओरखडापण त्याच जागी असं दुसरं नाणं सापडलं तर दोन्ही एकाच आईची पिल्लं आहेत, म्हणजे एका नाण्यावरून साचा काढून पाडलेली नाहीतर ओतलेली. आई खरी असू शकते, पिल्लं नाही. असं जुळं सापडलं तर त्याचा फोटो तुमच्या पोस्टमध्ये जोडा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

लिहायचं काय? वजन, व्यास, कोणत्या राजाचं असं तुम्हाला वाटतंय, आणि कुठून आलं ते खरंखरं. ऑनलाइन घेतलं असेल तर तसंच लिहा, विकणाऱ्याचं नाव जाहीर टाकून आरोप करू नका, पण त्याने टाकलेला मूळ फोटो जरूर जोडा. "पणजोबांच्या पेटीतलं" असं उगाच लावू नका, खरंच असेल तर लिहा, पण त्याने निकाल बदलत नाही. जुन्या संग्रहातलं म्हणजे खरं हा समज फार महाग पडतो. सोळाव्या शतकात पादुआचा जोव्हानी दा कॅव्हिनो रोमन नाण्यांसारखी सुंदर पदकं बनवत होता, ती आज स्वतःच साडेचारशे वर्षांहून जुनी आहेत. आणि जर्मनीचा कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) तर ग्रीक-रोमन नाण्यांचे डाय स्वतः कोरून नाणी पाडायचा, कधीकधी खऱ्याच जुन्या पण स्वस्त नाण्यावर, म्हणजे धातूपण प्राचीन! नवी नाणी लोखंडाच्या किसात आणि ग्रीसमध्ये डब्यात घालून घोडागाडीला बांधून फिरवायचा म्हणतात, म्हणजे जुनाट दिसतील. या दोघांचा माल कोणाच्याही पणजोबांच्या पेटीत असू शकतो.

प्रश्न पण "खरं की खोटं" असा दोन टोकांचा ठेवू नका. मधे बरंच काही आहे. फूरे नाणं घ्या, आत तांबं वर चांदीचा पत्रा, त्या काळातल्याच भामट्यांनी केलेलं, म्हणजे खोटं आहे पण प्राचीन खोटं, आणि त्याचे वेगळे शौकीन आहेत. साम्राज्याच्या शेजारच्या टोळ्यांनी त्या काळी केलेल्या नकला आहेत, म्युझियमच्या दुकानातल्या प्रती आहेत, आणि नाणं खरं पण नंतर कोणीतरी झिजलेले केस कोरून ठळक केलेले असाही प्रकार आहे. म्हणून विचारा, "हे काय आहे असं वाटतं, आणि कशावरून?" तो 'कशावरून' महत्त्वाचा.

उत्तरं यायला लागली की लाइक मोजत बसू नका. "१०० टक्के ओरिजिनल" म्हणणारे पंधरा आणि "पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ आहेत, कडेचा फोटो टाका" म्हणणारा एक, तर त्या एकाकडे जा. तो सहसा त्याच एका प्रकारची नाणी वर्षानुवर्षं बघत बसलेला असतो. कधी तो फक्त "स्टाइल चुकतेय" म्हणेल, हे टाळाटाळीचं वाटतं पण हजार चेहरे बघितलेल्या माणसाला हजार-एकावा खटकतो, त्याला बोट ठेवून सांगायला वेळ लागतो. विनंती करा, शेजारी खरं ठेवून दाखवाल का? बहुतेक जण आनंदाने दाखवतात. वाद घालू नका, "पण विकणाऱ्याने सर्टिफिकेट दिलंय" हे तर बोलूच नका, प्रिंटर सगळ्यांकडे असतो.

सगळ्यांसमोर "खोटं वाटतंय" म्हणून लगेच खाजगीत "तरी मी घेतो, किती द्यायचे?" असा मेसेज करणारे भेटतील. त्यांना उत्तरच नको. जमिनीत सापडलेलं नाणं असेल तर फोटो टाकायच्या आधी तुमच्याकडचा कायदा बघा, बऱ्याच देशांत असा शोध सरकारला कळवावा लागतो.

दोन जाणकारांचं जमलं नाही तर मग फोटोचं काम संपलं, नाणं हातात घेऊन बघणारा माणूस गाठा. आणि हे सगळं शक्यतो पैसे द्यायच्या आधी, नाहीतर निदान परत करायची मुदत असेपर्यंत करा. मी मुदत संपल्यावर विचारलं होतं.

खोटं निघालं तर पोस्ट डिलीट करू नका, लाज वाटते हे मान्य, पण पुढच्या माणसाला त्याचं जुळं तिथेच सापडणार आहे. आणि ते नाणं कोणाला "बघ तूच ठरव" म्हणून विकू नका. माझा तो २.८ ग्रॅमवाला टायबेरियस अजून डब्यात आहे, पाकिटावर मार्करने 'ओतीव, खोटं' लिहून ठेवलंय, कारण उद्या तो डबा दुसरं कोणीतरी उघडणार आणि त्याला वाटणार पणजोबांचं आहे.