भीतीचं वाक्य शोधा: तिसरी-चौथीच्या वर्गात धाडसावर वाचन आणि लेखन

‘धाडस’ हा विषय फळ्यावर लिहिला की मुलं वाघ, तलवार आणि चोर यांच्याकडे वळतात. निबंधात एकटा मुलगा पाच चोरांना पकडतो, आणि ती गोष्ट त्याने कुठल्या तरी मालिकेतून जशीच्या तशी उचललेली असते. त्यात वाचनही होत नाही आणि लेखनही नाही. म्हणून सुरुवात पराक्रमापासून करू नका, भीतीपासून करा. माणूस कशाला घाबरला होता हे ज्या मुलाला उताऱ्यात सापडतं, त्याला त्या माणसाने केलेल्या कृतीचं मोल कळतं. पुढे स्वतःबद्दल लिहिताना सांगण्यासारखं काहीतरी त्याच्याकडे असतं.

खालची आखणी चाळीस मिनिटांच्या चार तासिकांची आहे. तीस मुलांच्या वर्गासाठी उताऱ्याच्या पंधरा प्रती पुरतात, दोघांत एक. प्रत्येक जोडीला एक लाल आणि एक निळी रंगपेन्सिल द्या. कोरे अर्धे कागद पन्नासेक असू द्या, कारण बरेच जण दोनदा लिहितील. उतारा फळ्यावर लिहून मुलांकडून उतरवून घेऊ नका, निम्मी तासिका त्यातच संपते.

पहिल्या दहा मिनिटांत पुस्तकं मिटलेली. प्रश्न एकच: “भीती वाटली की अंगात कुठे कळतं?” मुलं सांगतील ते त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहा: छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, हातपाय लटपटतात, तोंडाला कोरड पडते, अंगावर काटा येतो, तळहातांना घाम सुटतो. कोणी ‘भ्या वाटतंय’ किंवा ‘भेव’ म्हणालं तर तेही तसंच लिहा. ही यादी चारही तासिका पुसायची नाही. फळा लागणारच असेल तर ती तक्त्यावर उतरवून भिंतीला लावा. लेखनाच्या दिवशी मुलं सारखी तिकडेच बघतात.

मग उतारा. हिरकणीची लोककथा बहुतेक मुलांनी ऐकलेली असते, त्यामुळे ‘पुढे काय होणार’ यात लक्ष अडकत नाही आणि वाक्यांकडे बघता येतं. वाक्यांना क्रमांक द्या:

१. हिरकणी रोज रायगडावर दूध विकायला जायची.
२. एका संध्याकाळी तिला परतायला उशीर झाला.
३. ती पोचली तेव्हा गडाचा दरवाजा बंद झाला होता.
४. “मला जाऊ द्या, माझं बाळ घरी एकटं आहे,” ती म्हणाली.
५. पहारेकऱ्यांनी नकारार्थी मान हलवली.
६. हिरकणी गडाच्या कड्यापाशी गेली.
७. तिने खाली वाकून पाहिलं आणि चटकन दोन पावलं मागे सरकली.
८. तिला बाळाचं रडणं आठवलं.
९. तिने पदर खोचला आणि दगडाला धरून पहिलं पाऊल खाली टाकलं.
१०. काटे टोचले, हात सोलवटले, पण ती उतरत राहिली.
११. घरी पोचताच तिने बाळाला छातीशी धरलं.

या उताऱ्यात ‘भीती’ किंवा ‘घाबरली’ हा शब्द मुद्दाम टाळला आहे. आधी तुम्ही एकदा मोठ्याने वाचा, मग जोडीजोडीने एकेक वाक्य आळीपाळीने. त्यानंतर सूचना द्या: ती घाबरली हे दाखवणाऱ्या वाक्याखाली लाल रेघ, आणि तरीही तिने जे केलं त्या वाक्याखाली निळी. प्रत्येक रंगाची एकच रेघ. ‘हव्या तितक्या रेघा’ म्हटलं तर पान रंगून जातं आणि निवड करावीच लागत नाही.

पुष्कळ जोड्या लाल रेघ दहाव्या वाक्याखाली ओढतील, कारण तिथे काटे आहेत. त्यांना चूक म्हणू नका. “काटे टोचले तेव्हा तिला काय झालं, दुखलं की भीती वाटली?” एवढंच विचारा. मग एका मुलाला वर्गासमोर बोलावून सातवं वाक्य करून दाखवायला सांगा: वाकायचं, बघायचं, दोन पावलं मागे. वर्गाला लगेच कळतं. यानंतर सातवं वाक्य हाताने झाकून उतारा पुन्हा वाचा आणि काय बदललं ते विचारा. “आता ती नुसतीच उतरली” अशा अर्थाचं काही कोणी बोललं, तर त्या दिवसाचं काम झालं.

एक धोका इथेच बोलून टाकायचा. “मीपण कड्यावरून उतरेन” असं म्हणणारा एक तरी असतो. विहीर, नदी, विजेची तार यांची उदाहरणं घेऊन स्पष्ट सांगा: कोणी बुडत असेल तर आपण उडी मारायची नाही. जोरात ओरडून मोठ्यांना बोलवायचं, काठावरून दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकायचा, ११२ ला फोन करायचा. हाक मारायलाही धीर लागतो हे मुलांना पटतं, पण ते मुद्दाम सांगावं लागतं.

दुसऱ्या तासिकेत सावित्रीबाई फुले. हिरकणीचं धाडस एका रात्रीचं, सावित्रीबाईंचं रोजचं, आणि हा फरक मुलांनीच शोधायचा आहे. आठ-दहा वाक्यांचा मजकूर तुम्हीच तयार करा. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे शिकवायला जाताना लोक सावित्रीबाईंवर शेण-चिखल फेकत. त्या सोबत दुसरं लुगडं नेत असं सांगितलं जातं. तरी त्यांनी शिकवणं सोडलं नाही. रेघा पुन्हा त्याच दोन रंगांनी. इथे लाल रेघेवर वाद होईल, कारण भीती दाखवणारं वाक्य उताऱ्यात सरळ सापडत नाही. तो वाद होऊ द्या. मग विचारा: “दुसऱ्या दिवशी सकाळी घरातून निघताना त्यांच्या पोटात काय झालं असेल?” उत्तर एका वाक्यात, भिंतीवरच्या यादीतला एक शब्द वापरून, वहीत लिहायचं. वाचलेल्यात नसलेली पण वाचलेल्याला धरून असलेली गोष्ट मुलं इथे पहिल्यांदा लिहितात.

चौथीच्या वर्गाला याच तासिकेत मुक्ता साळवेची ओळख जरूर करून द्या. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. मूळ निबंधाची भाषा या वयाला जड जाते, म्हणून तो वाचायला देऊ नका. शाळेत शिकणाऱ्या मुलीने खरं ते कागदावर लिहिलं आणि ते छापलं गेलं, एवढं कळलं तरी लेखनाच्या दिवशी वर्गाचा नूर वेगळा असतो.

तिसऱ्या तासिकेत स्वतःचं लेखन. आधी विषय छोटे करा, नाहीतर वाघ परत येतो. फळ्यावर उदाहरणं लिहा: परिपाठात पहिल्यांदा माईकसमोर उभं राहणं, “मला समजलं नाही” म्हणून हात वर करणं, फुटलेल्या काचेची कबुली देणं, ज्याला सगळे चिडवतात त्याच्याशेजारी डबा खायला बसणं, इंजेक्शन घेणं. तिसरीसाठी हा साचा:

मला ______ भीती वाटत होती.
माझ्या ______.
तरी मी ______.
मग ______.

दुसऱ्या ओळीसाठी भिंतीवरची यादी आहे. तिसऱ्या ओळीतला ‘तरी’ कोणालाही गाळू देऊ नका, कारण दोन्ही रंगांच्या रेघा तिथे जोडल्या जातात. चौथीला साचा तोंडी सांगा, कागदावर देऊ नका, आणि किमान सहा वाक्यं मागा.

“मी कधीच घाबरत नाही” असं लिहिणारे दोन-चार जण असतातच, बहुतेक मुलगे. त्यांच्याशी वाद घालू नका. “लहान असताना कशाला घाबरायचास?” असं विचारा, मागच्या काळात गेलं की ते मोकळे होतात. ज्यांना अजून अक्षरं जुळवून वाचावी लागतात त्यांनी चित्र काढावं आणि एक वाक्य तोंडी सांगावं. ते तुम्ही त्यांच्याच शब्दांत लिहा, त्यांनी खाली गिरवून स्वतः वाचून दाखवावं. घरी अहिराणी, कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांचा पहिला कच्चा मसुदा घरच्या भाषेत होऊ द्या.

एखाद्या कागदावर घरातल्या मारहाणीबद्दल किंवा नकोशा स्पर्शाबद्दल लिहिलेलं येऊ शकतं. तो कागद वर्गात वाचू नका, लावू नका, मुलाला खोदून खोदून विचारू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांशी बोला. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने बंधनकारक आहे.

तपासताना लाल पेन बाजूला ठेवा. पहिल्या वाचनात ऱ्हस्व-दीर्घाला हात लावायचा नाही, समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहायचा. समजा कागदावर आहे: “मला भाषणाची भीती वाटत होती. तरी मी भाषण केलं. मग टाळ्या वाजल्या.” इथे ‘छान’ लिहिलं की मूल थांबतं. त्याऐवजी विचारा: “उभा राहिलास तेव्हा हात कुठे होते?” चौथ्या तासिकेत या प्रश्नाचं उत्तर त्याने योग्य जागी घालून पूर्ण मजकूर पुन्हा लिहायचा: “माझे हात थरथरत होते म्हणून मी चड्डीचे खिसे घट्ट धरले.” आता वाचणाऱ्याला तो मुलगा दिसतो. शुद्धलेखन या दुसऱ्या प्रतीवर, आणि तेही एकाच गोष्टीचं. बहुतेक वर्गांत पूर्णविराम आधी घ्यावा लागतो.

वाचून दाखवण्याची सक्ती नको. ज्यांना वाचायचं आहे त्यांना दोन मिनिटं द्या आणि ऐकणाऱ्यांनी लाल वाक्य कोणतं, निळं कोणतं ते सांगायचं. भिंतीवर लावण्याआधी प्रत्येकाला विचारा, नको म्हणणाऱ्याचा कागद त्याच्या वहीत राहील. बाकीचे कागद दोऱ्याने शिवून वाचनकोपऱ्यात ठेवा. नाव घालायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.