कथा वाचताना निवेदक, कथानक आणि इतर संज्ञा कशा ओळखाव्यात

कथानक, निवेदक, संघर्ष, आशयसूत्र या शब्दांच्या व्याख्या पाठ करून कथा अधिक कळते असे नाही. एखादी छोटी कथा समोर ठेवून या संज्ञा तिच्यावर चालवून पाहाव्यात. त्यासाठी येथे एक कथा रचून घेतली आहे. साल 1980, आषाढातली सकाळ. गोव्यातील चोडण बेटावरील एका मुंडकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरील घरात राहणाऱ्याचा, मुलगा राहत्या घराची नोंद व्हावी म्हणून अर्ज घेऊन पणजीला मामलेदाराकडे निघाला आहे. तो धक्क्यावर पोचतो तेव्हा रायबंदरला जाणारी फेरीबोट नुकतीच सुटलेली असते आणि तिच्यात त्याचा भाटकार, म्हणजे त्या जमिनीचा मालक, उभा असतो.

पहिले वाचन पेन्सिल हाती न घेता, केवळ गोष्टीसाठी करावे. दुसऱ्या वाचनात मात्र सर्वांत आधी एकच प्रश्न विचारावा: हे कोण सांगत आहे, आणि त्याला किती ठाऊक आहे? पुष्कळ वाचक थेट पात्रांच्या स्वभावाकडे वळतात आणि तेथेच फसतात.

‘मी धावत आलो, पण बोट सुटली होती’ असे मुलगा स्वतः सांगत असेल, तर ते प्रथमपुरुषी निवेदन होय. ‘बोटीतल्या माणसाकडे पाहताच त्याचे पाय जडावले’ हे वाक्य तृतीयपुरुषी असले, तरी ते मुलाच्या मनापलीकडे जात नाही. ‘तो धक्क्यावर थबकला, आणि बोटीतल्या भाटकाराला हायसे वाटले’ असे लिहिताच दोन्ही मने जाणणारा सर्वज्ञ निवेदक अवतरतो. आता पहिल्या प्रकाराकडे पुन्हा वळावे. ‘मी धावत आलो’ असे सांगणाऱ्या या मुलाला, बोट सुटेपर्यंत माडाआड उभे असलेले त्याच्या बहिणीने पाहिले होते, हे कथेत पुढे कळले तर? मग तो अविश्वसनीय निवेदक ठरतो, आणि आधीचे प्रत्येक वाक्य नव्याने वाचावे लागते. येथे खोटे बोलतो तो निवेदक, लेखक नव्हे; ‘मी’ दिसला की तो लेखकच, असे समजणे ही वाचकांची सर्वांत जुनी खोड आहे.

याच तपशिलातून कथानकही उलगडते. मुलगा आला, बोट सुटली, तो मागे राहिला, हा झाला घटनाक्रम. भाटकारासमोर कागद घेऊन उभे राहण्याचे धैर्य न झाल्याने त्याने बोट मुद्दाम सोडली, असा कार्यकारणभाव जोडला की त्याचे कथानक होते. संघर्षाची जागाही मग स्पष्ट होते: तो वरकरणी भाटकाराशी असला, तरी मुख्यतः मुलाच्या मनात चालला आहे.

त्यानंतर स्थळ आणि काळ तपासावेत. गोव्यात मुंडकारांना घरातून काढून लावण्यापासून संरक्षण देणारा कायदा 1975 साली झाला. म्हणून 1980 मधल्या या मुलाच्या हाती अर्ज असू शकतो. हीच कथा 1955 मध्ये, पोर्तुगीज अमलात नेली, तर अर्जाला या कायद्याचा आधार उरत नाही आणि संघर्षच पालटतो. स्थळकाळ म्हणजे केवळ पावसाचे वर्णन नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

संवाद वाचताना गोमंतकीय मराठी कथेत एक गोष्ट विशेष न्याहाळावी. निवेदन मराठीत चालू असताना पात्र मध्येच ‘खंय वता रे?’ असे कोंकणीत विचारते, तेव्हा ते कोण कोणाला विचारते आणि उत्तर कोणत्या भाषेत येते, यावरून नात्यातले अंतर पुष्कळदा कळते.

प्रतीकांच्या बाबतीत हात आखडताच ठेवावा. बोट कथेत पुन्हा पुन्हा आली आणि दर वेळी तिला काही नवा अर्थ चिकटला, तरच तिला प्रतीक म्हणावे. गोव्याच्या कथेतला प्रत्येक माड काही सुचवत नसतो, बहुतेक वेळा तो केवळ माड असतो.

आशयसूत्र शेवटी लिहावे आणि ते पूर्ण वाक्यात लिहावे. ‘मुंडकार’ किंवा ‘भीती’ हा नुसता विषय झाला. ‘कायद्याने हक्क दिला, तरी पिढ्यान्‌पिढ्यांचा धाक एका दिवसात जात नाही’ हे आशयसूत्र होय, आणि ते कथेतल्या कोणत्या ओळीवर उभे आहे, तिच्याखाली आता पेन्सिलीने रेघ ओढावी.