ब्रोकरला क्लायंट गिफ्ट म्हणून किचनवेअर कसं विकायचं (नाशिकचा अनुभव)

मी डायरेक्ट सेलिंगमधून, म्हणजे दुकानाशिवाय थेट गिऱ्हाईकाला, किचनवेअर विकते, इंदिरानगरला राहते, आणि नवीन कन्सल्टंट ताया मला नेहमी विचारतात की सोसायटीतल्या दहा-बारा जणींना डेमो देऊन झाला आता पुढे कोणाकडे जायचं. माझं उत्तर एकच, घरं विकणाऱ्यांकडे जा, ते आपल्या गिऱ्हाईकांना भेट द्यायला भांडी घेतात. आज माझ्या निम्म्याहून जास्त ऑर्डर इस्टेट एजंटांच्या आहेत, तर कसं करायचं ते नीट सांगते.

आधी ब्रोकरचं गणित डोक्यात पक्कं पाहिजे. ४० लाखाचा रिसेल फ्लॅट विकला आणि एक टक्का ब्रोकरेज धरलं तरी ४०,००० रुपये झाले, त्यातून पार्टीला, म्हणजे घर घेणाऱ्या गिऱ्हाईकाला, हजाराची भेट म्हणजे अडीच टक्के, एवढं त्याला जड नाही. पण भाड्याच्या डीलमध्ये त्याला साधारण एका महिन्याचं भाडं मिळतं, तिथे हजाराचं काही दाखवू नका, अडीचशे-तीनशेचा एखादा चांगला डबा बस झाला. माझ्या बॅगेत कायम दोनच रेंज असतात. सगळा कॅटलॉग समोर ठेवला की माणूस "बघून सांगतो" म्हणतो आणि मग काही सांगत नाही.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे वास्तुशांतीला नवीन गॅसवर दूध उतू घालतात, आणि त्यासाठी पातेलं कुठलं घ्यायचं हे ऐनवेळी आठवतं, मग जुन्या घरातलं कुठलं तरी घासूनपुसून आणतात. त्या दिवशी ब्रोकरने दिलेलं नवं कोरं पातेलं ओट्यावर असेल तर विचार करा, सगळे नातेवाईक ओट्याभोवती उभे असतात, फोटो निघतात, आणि पातेलं छान आहे कुठून आणलं असं कोणीतरी विचारतंच. पेढ्याचा बॉक्स संध्याकाळपर्यंत संपतो, गणपतीच्या फ्रेम तर नवीन घरात चार-पाच येतातच. म्हणून मी ब्रोकरला पातेलं विकायला जातच नाही, मी म्हणते "तुमच्या पार्टीच्या वास्तुशांतीला दूध उतू घालायचं भांडं तुमच्याकडून जाऊ द्या." हे एक वाक्य कुठल्याही स्कीमपेक्षा जास्त काम करतं. जिथे वास्तुशांती करत नाहीत तिथे पहिला चहा तर होतोच, तिथे झाकणाचं सॉसपॅन द्या.

काय देऊ नये तेही सांगते. सुऱ्या, कात्री, किसणी असलं धारदार काही नको, खूप घरांत ते चालत नाही. पूर्ण काळं नॉनस्टिक वास्तुशांतीला नको, बाहेरून लाल किंवा स्टीलचं घ्या. आणि भांडं कधीही रिकामं देऊ नका! आपल्या आया-आज्यांची पद्धत आहे ती, आत मूठभर तांदूळ नाहीतर साखर टाका, मी तर मनुकेच टाकते, द्राक्षांच्या नाशिकमधून दुसरं काय द्यायचं. माल स्टीलचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर आयएसआय मार्क बघून घ्या, अशा भांड्यांना तो सक्तीचा करणारी ऑर्डर केंद्राने २०२४ मध्ये काढली, आणि ब्रोकरला तो मार्क बोट ठेवून दाखवा, त्याने विश्वास बसतो.

नावाचं बघू. प्रत्येक ब्रोकर पहिल्यांदा हेच म्हणतो की माझा लोगो आणि नंबर मोठा छापा. नाही म्हणा, प्रेमाने. फोन नंबर छापलेलं भांडं कोणी पाहुण्यांसमोर काढत नाही, ते कामवाल्या मावशींना दिलं जातं. त्याऐवजी जुनी पद्धत करा, भांड्यावर नाव घालून घ्या. भांडी बाजारात मशीनने नाव घालून देतात, वर घरच्या लोकांचं नाव आणि खाली बारीक अक्षरात "सप्रेम भेट" आणि ब्रोकरचं नाव. माझ्या आईकडे तिच्या लग्नातला एक डबा आहे, त्यावरचं "सप्रेम भेट" आणि मामांचं नाव आम्ही अजून डाळ काढताना वाचतो. हे ब्रोकरला सांगितलं की तो लोगो विसरतो. फक्त नाव साध्या स्टीलवरच घाला, कोटिंगवर नको. आणि तारीख घालू नका, फक्त साल. माझ्याकडून एकदा चूक झाली, पार्टीच्या वास्तुशांतीची तारीख घातली आणि त्यांच्या घरात सुतक आलं, मुहूर्त चार महिने पुढे गेला, नाव घातलेलं भांडं कंपनी परत घेत नाही, मग दुसरं मी स्वतःच्या खर्चाने दिलं.

ब्रोकरकडे जायचं कसं? महारेरा म्हणजे घरांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याच्या वेबसाईटवर नोंदणी असलेल्या एजंटांची यादी आहे, तिथून आपल्या भागातले बघा, गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, नाशिकरोड, जिथे तुम्हाला स्कूटीवर जाता येईल तिथले. बिल्डरच्या मोठ्या ऑफिसांत सुरुवातीला जाऊ नका, तिथे परचेसवाला महिनाभर फिरवतो आणि शेवटी रेटवर अडतो. महिन्याला दोन-तीन डील करणारा एकटा ब्रोकर बघा, तो स्वतः निर्णय घेतो. शनिवार-रविवार साईट व्हिजिटचे, तेव्हा अजिबात नाही. आधी व्हॉट्सअ‍ॅप करा, साधं: "नमस्कार सर, मी इंदिरानगरहून, किचनवेअर कन्सल्टंट आहे. तुमच्या पार्टीला पझेशनच्या वेळी द्यायच्या भेटीबद्दल दहा मिनिटं हवी होती, मंगळवारी की बुधवारी येऊ?"

आणि जाताना माल घेऊन जा, पत्रक नको. मी पावसाळ्यात हे करते, सोमवारी एअरटाईट डब्यात चिवडा भरते, दोन दिवस ओट्यावर राहू देते आणि बुधवारी ब्रोकरच्या टेबलावर डबा उघडते. बाहेर धो धो पाऊस, खिडकीच्या काचेवर वाफ, आणि चिवडा कुरकुरीत. तो खातो, ऑफिसमधला मुलगा खातो, मग मी सांगते कधी भरला होता ते. यापुढे डब्याचं वेगळं वर्णन करावं लागत नाही.

"भांडी बाजारात स्वस्त मिळतं ताई" हे येणारच. त्यावर वाद घालू नका, खरंच मिळतं. त्याला दिवाळीला पन्नास डबे दोनशेच्या आतले हवे असतील तर मी स्वतः सांगते तिकडून घ्या. माझ्याकडून मिळतं ते वेगळं, एकच पीस असला तरी पॅक करून पझेशनच्या दिवशी फ्लॅटवर पोचवते, वॉरंटी कार्ड पार्टीच्या नावाने भरते, काही बिघडलं तर पार्टीने मला फोन करायचा, ब्रोकरला नाही. हा शेवटचा मुद्दा त्यांना फार आवडतो.

पैशाचं आणि नियमाचं थोडं. जीएसटी बिल मागितलं तर द्या पण "क्रेडिट मिळेल" असं बोलू नका, भेट म्हणून दिलेल्या वस्तूवर इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा करणं) मिळत नाही, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये आहे ते, बाकी त्यांच्या सीएला विचारू द्या. पाचच्या वर पीस असतील तर निम्मे पैसे आधी, उधारी नाही. डायरेक्ट सेलिंगचे २०२१ चे नियम आहेत त्यात ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय कोणाच्या घरी जायचं नाही, आणि कंपनीने मंजूर न केलेलं पत्रकही वाटता येत नाही, त्यामुळे स्वतः बनवलेलं ब्रोशर छापण्याआधी कंपनीला विचारा. आणि एक हात जोडून सांगते, ब्रोकरला "आमच्या टीमला जॉईन व्हा" म्हणू नका. तो गिऱ्हाईक आहे. चेन मार्केटिंगचा वास आला की तो दार बंद करतो आणि बाकीच्या ब्रोकरना पण सांगतो.

सीझन बघून चाला. पितृपक्षात कोणी पझेशन घेत नाही, ब्रोकर रिकामे असतात, तेच पंधरा दिवस भेटी घ्यायचे, म्हणजे दसऱ्याला आणि दिवाळी पाडव्याला ऑर्डर येतात. तसंच गुढीपाडवा आणि अक्षय तृतीयेच्या महिनाभर आधी. भाड्याची घरं मे-जूनला जास्त हलतात, शाळा सुरू व्हायच्या आत. पझेशन पुढेमागे होतंच, म्हणून पातेल्यांचे चार-पाच पीस घरात ठेवा, कंपनीचा माल यायची वाट बघत बसलात तर मुहूर्त जातो.

पार्टीचा नंबर ब्रोकरकडून मागू नका, त्यांना विचारल्याशिवाय तो घेणं बरोबर नाही. बॉक्समध्ये आपलं छोटं कार्ड ठेवा, भांडं कसं वापरायचं, कशाने घासायचं आणि अडलं तर फोन करा एवढंच. फोन येतो, बहुतेक पंधरा-वीस दिवसांनी, सामान लागल्यावर, "ताई यात तळाला पांढरे डाग आलेत." ते पाण्यातल्या क्षारांचे असतात. वेळ ठरवून जा, थोडं व्हिनेगर आणि पाणी उकळून त्यांच्यासमोर डाग काढून दाखवा, चहा घ्या, आणि त्या दिवशी कॅटलॉग बॅगेतून काढूच नका, त्या स्वतः विचारतील.