शेजारच्या पिंजऱ्यातला पोपट

बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, टांगलेल्या पिंजऱ्यात पिसं उपटून छाती उघडी पडलेला पोपट दिसला, तर मालकाशी भांडू नका. भांडलात की पिंजरा फक्त मागच्या पडवीत जातो. आधी पेरू, गाजर, शेवग्याचा पाला घेऊन जा. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर 'अ' जीवनसत्त्व कमी पडतं. अवोकाडो अजिबात नको, पोपटाला ते विषच. पिंजरा चुलीच्या धुरापासून हलवायला सांगा, आत पेरूची सालीसकट फांदी बसवून द्या.

पोपट आपला हिरवा, कंठवाला असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार तो पाळताच येत नाही, हेही गोडीत कानावर घाला. गुपचूप दार उघडून सोडू मात्र नका. पंख छाटलेला पोपट थेट मांजराच्या तोंडी जातो. वनखात्याला कळवा.