एसी-कुलरसाठी स्वस्तातला स्मार्ट थर्मोस्टॅट घेताय? आधी ह्युमिडिटी नीट मोजतो का ते बघा

स्मार्ट थर्मोस्टॅट म्हणजे खोलीचं टेंपरेचर बघून एसी-कुलर आपोआप चालू-बंद करणारी वस्तू. त्या नावानं सर्च मारलं की सगळ्यात आधी भिंतीवरचे ते गोल नेस्ट नाहीतर इकोबी दिसतात आणि लोकं तेच मागवायला निघतात, तर पहिलं हेच सांगतो की ते आपल्या कामाचे नाहीत. ते अमेरिकेतल्या घरांसाठी बनलेत, तिकडं एकाच मोठ्या मशीनमधून अख्ख्या घराला गार-गरम हवा जाते आणि थर्मोस्टॅटला २४ व्होल्टच्या बारीक वायरी आलेल्या असतात. आपल्या स्प्लिट एसीला तसल्या वायरीच नाहीत, तो फक्त रिमोटचं ऐकतो. कुणी नातेवाईक तिकडून आणून देतो म्हणला तरी नको म्हणा.

आपल्याकडं थर्मोस्टॅटचं काम तीन वस्तू मिळून करतात. रिमोटसारखा सिग्नल मारणारा आयआर हब, टेंपरेचर आणि ह्युमिडिटी (हवेतली ओल) मोजणारा सेन्सर, आणि कुलर असेल तर एक स्मार्ट प्लग, म्हणजे मोबाइलवरून चालू-बंद होणारा प्लग. सेन्सिबो किंवा सिएलो या कंपन्यांच्या डब्यात पहिल्या दोन्ही गोष्टी एकत्र येतात आणि चांगल्या चालतात, पण बजेट कमी असेल तर स्मार्ट लाइफ ॲपवर चालणारा साधा हब आणि वेगळा सेन्सर घ्या, काम तेच होतं आणि खर्च बराच कमी येतो.

आता ह्युमिडिटीवर एवढा जोर कामून, तर मराठवाड्यात उन्हाळा आणि पावसाळा म्हणजे दोन वेगळे प्रदेश असल्यासारखे आहेत. एप्रिल-मेच्या दुपारी परभणी, नांदेड, बीडकडं हवा इतकी कोरडी असते की धुतलेली चादर बघता बघता वाळते. ४० डिग्री आणि २० टक्के ह्युमिडिटी असली तर पाण्याच्या जोरावर हवा जास्तीत जास्त २२-२३ डिग्रीपर्यंत गार होऊ शकते, म्हणजे बरा पॅड असलेला कुलर सहज २७ च्या आसपासची हवा फेकतो, एसीची गरजच नाही. पण तोच कुलर ऑगस्टात, ३० डिग्री आणि ८० टक्के ह्युमिडिटीत लावला तर हिशोबानं २७ च्या खाली जाताच येत नाही, प्रत्यक्षात २८ मिळतील, आणि वरून खोलीत ओल वाढते, अंथरूण चिकट, लेकरांना घामोळ्या. नुसतं टेंपरेचर बघणाऱ्या थर्मोस्टॅटला यातलं काहीच कळत नाही. त्याला ३० म्हणजे ३०. कुलर चालवायचा, का एसी, का नुसता पंखा, हे ठरतं ह्युमिडिटीच्या आकड्यावर.

म्हणून सेन्सर निवडताना सगळ्यात जास्त वेळ द्या, हबवर नाही. स्वस्त सेन्सरच्या आत कोणती चिप आहे ते डिस्क्रिप्शनमध्ये नाहीतर प्रश्नोत्तरांत शोधा. डीएचटी-११ असेल तर सोडून द्या, त्याची ह्युमिडिटी ५ टक्के आणि टेंपरेचर २ डिग्री इकडं-तिकडं धरलेलंच असतं आणि २० टक्क्यांच्या खाली तो भरवशाचा नाही, आपल्याकडची मे महिन्यातली दुपार नेमकी तिथंच असते. एसएचटी-३०, एसएचटी-४० किंवा एएचटी-२० असेल तर बिनधास्त घ्या, हे साधारण २-३ टक्क्यांत राहतात. चिपचं नावच दिलं नसेल तर निदान 'प्लस-मायनस ३ टक्के' असं लिहिलंय का ते बघा, ते पण नसेल तर दुसरा बघा.

सेन्सर हबच्या पोटातच असलेला घेऊ नका, जमलं तर. हब दिवसभर चालू असल्यानं स्वतः कोमट होतो, मग आतला सेन्सर टेंपरेचर जास्त आणि ह्युमिडिटी कमी दाखवतो. ब्रॉडलिंकच्या आरएम-४ या हबला सेन्सर वेगळ्या यूएसबी केबलमध्ये दिलाय तो याच्यासाठीच. बॅटरीवरचा सुटा सेन्सर तर सगळ्यात बरा, पलंगाच्या उंचीला ठेवता येतो. एसीच्या झोतात नको, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला नको. पत्र्याचं घर असेल तर वरच्या बाजूला तर अजिबात नको, तिथलं टेंपरेचर आणि माणूस झोपतो तिथलं टेंपरेचर यात लई फरक असतो. फक्त सुटा सेन्सर ब्लूटूथचा आहे, वायफायचा आहे का झिगबीचा (हा पण बिनवायरीचाच एक प्रकार) ते विचारा. ब्लूटूथ आणि झिगबीला मधी गेटवे, म्हणजे सेन्सरला वायफायशी जोडणारा डबा, लागतो, त्याचे पैसे वेगळे, आणि हे पॅकेटवर बारीक अक्षरात असतं.

हब घेताना दोन-तीनच गोष्टी. तुमच्या एसीचं मॉडेल ॲपच्या यादीत पाहिजे, कारण एसीचा रिमोट दर वेळी टेंपरेचर, मोड, फॅन असं सगळं एकदम पाठवतो, एकेक बटण शिकवून ते नीट जमत नाही. दुसरं, हब फक्त सांगतो, एसीनं ऐकलं का नाही ते त्याला कळत नाही, घरात कुणी हातातल्या रिमोटनं बंद केलं तरी ॲपमधी चालूच दिसतं. म्हणून हब एसीच्या समोर, मधी कपाट-पडदा न येता ठेवा. आणि जवळपास सगळे स्वस्त हब २.४ गिगाहर्ट्झ वायफायवरच चालतात, राउटरनं दोन्ही बँड एकाच नावानं दिले असतील तर जोडताना अडकतं, २.४ ला वेगळं नाव देऊन टाका.

आता कुलरवाल्यांसाठी, कारण आपल्याकडं बहुतेक घरं तीच आहेत आणि यांच्यासाठी कुणी काही लिहीत नाही. अख्खा कुलर स्मार्ट प्लगवर लावण्यापेक्षा त्याची पाण्याची मोटर तेवढी वेगळी करा. कुलरच्या आत पंख्याची आणि पंपाची वायर वेगळीच असते, इलेक्ट्रिशियनकडून पंपाची वायर बाहेर काढून स्मार्ट प्लगवर घ्या, पंखा आहे तसा राहू द्या. हे स्वतः करू नका, ओल्या पत्र्याच्या बॉडीला करंट उतरून दर उन्हाळ्यात माणसं दगावतात, अर्थिंग आहे का ते त्याच वेळी तपासून घ्या. मग ॲपमधी नियम लावायचा, ह्युमिडिटी ६५ च्या वर गेली की पंप बंद, ५५ च्या खाली आली की चालू. मधी १० चा फरक ठेवायचाच, नाहीतर पंप चालू-बंद, चालू-बंद करत बसतो. पहाटे हवा गार होते तशी ह्युमिडिटी आपोआप चढते, तेव्हा नुसता पंखा पुरतो आणि टाकीतलं पाणी पण वाचतं. जिथं नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं तिथं हे वाचलेलं पाणी विजेपेक्षा महाग आहे, २०१६ मधी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं ते विसरायला नको.

मे महिन्यात पण ह्युमिडिटीचा आकडा ७० च्या पुढं सरकायला लागला तर सेन्सरला दोष देण्याआधी खिडकी बघा. कुलरला हवा बाहेर जायला वाट लागते, खोली बंद करून कुलर लावला की तो स्वतःचीच ओली हवा फिरवत बसतो.

एसीवाल्यांनी नियम असा लावा की टेंपरेचर ३० च्या आत आणि ह्युमिडिटी ६५ च्या वर असेल तर ड्राय मोड (मुख्यतः हवेतली ओल काढणारा), ३० च्या वर गेलं तर कूल मोड २५-२६ वर. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशोबानं सेटिंग १ डिग्री वाढवलं तर साधारण ६ टक्के वीज वाचते, आणि ओल कमी असली की २६ पण छान गार लागतं, बिल तिथंच कमी होतं. इन्व्हर्टर एसी स्मार्ट प्लगनं झटक्यात बंद करायच्या भानगडीत पडू नका, हबनं रिमोटसारखंच बंद करा.

लाइट जाणं हा आपल्याकडचा मोठा मुद्दा. प्लग घेताना 'लाइट आल्यावर आधीची स्थिती लक्षात ठेवतो' हे सेटिंग आहे का बघा, नसेल तर रात्री लाइट येऊन जाऊन पंप बंदच राहतो आणि सकाळी कळतं. राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा. आणि नेट बंद असताना नियम चालतात का ते पण विचारा, सगळं कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असलेली वस्तू कंपनीनं हात काढले की अर्धी मरते. पहिल्या दोन पिढ्यांचे नेस्ट थर्मोस्टॅट गूगलनं २५ ऑक्टोबर २०२५ पासून ॲपमधून तोडलेच की, भिंतीवर चालतात पण मोबाइलवरून नाही.

वस्तू घरी आली की रिटर्नची मुदत संपायच्या आत मिठाची टेस्ट कराच. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी टाकून ओल्या रेतीसारखं करा, विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि सेन्सर एका घट्ट झाकणाच्या डब्यात बाजू-बाजूला ठेवा, मीठ सेन्सरला लागू देऊ नका, आणि डबा रात्रभर खोलीत सावलीत राहू द्या. सकाळी डबा न उघडता मोबाइलवर आकडा बघा, तो ७५ पाहिजे, कारण ओल्या मिठावरची हवा २५ डिग्रीला ७५ टक्क्यांवरच थांबते. ७२ ते ७८ आला तर ठेवा, फरक ॲपमधी कॅलिब्रेशनला टाका. ६६ नाहीतर ८५ असलं काही आलं तर पुन्हा एकदा करून बघा, तरी तेच आलं तर स्क्रीनशॉट काढून परत पाठवून द्या, डबा-पॅकिंग तोवर फेकू नका.