वेगाच्या शाब्दिक उदाहरणाचं समीकरण कसं मांडायचं

अंतर = वेग × वेळ हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. घोडं अडतं ते समीकरण नेमकं कशाचं मांडायचं इथे. उदाहरणात तुलना कशाची केली आहे ते आधी शोधा. ‘४० मिनिटं जास्त लागली’ म्हटलं की समीकरण वेळेचं. ‘दोघांत ५ किमी उरलं’ म्हटलं की अंतराचं.

पावसाळी वेळापत्रक लागलं की कोकण रेल्वेच्या गाड्या हळू धावतात. त्यावरूनच एक उदाहरण, आकडे मात्र सोयीचे: वेग ताशी २० किमीने कमी केला, तर १६० किमी जायला ४० मिनिटं जास्त लागतात. मूळ वेग किती?

जे विचारलंय तेच क्ष धरा. मूळ वेग ताशी क्ष किमी, पावसाळ्यातला क्ष − २०. कमी वेगाला वेळ जास्त, म्हणून ती आधी लिहायची:

१६०/(क्ष − २०) − १६०/क्ष = २/३

उजवीकडे नुसते ४० लिहिलेत की गणित फसलं. वेग ताशी दिलाय, तेव्हा ४० मिनिटं म्हणजे ४०/६० तास. ४०च ठेवले तर क्ष साधारण २३.४ येतो, म्हणजे पावसात गाडी ताशी ३.४ किमीने, चालत्या माणसाच्याही मागे!

छेद काढून टाकले की

क्ष² − २०क्ष − ४८०० = ०
(क्ष − ८०)(क्ष + ६०) = ०

वेग ऋण नसतो, म्हणून क्ष = ८०. ताळा करा: ताशी ८०ने २ तास, ६०ने २ तास ४० मिनिटं. जमलं.

खाडीतल्या होडीला दोन चलं लागतात. ओहोटीबरोबर १२ किमी जायला दीड तास, त्याच ओहोटीविरुद्ध परतायला २ तास. संथ पाण्यातला वेग क्ष, प्रवाहाचा य:

क्ष + य = १२ ÷ १.५ = ८
क्ष − य = १२ ÷ २ = ६

बेरीज केली की क्ष = ७, मग य = १. (खरी ओहोटी सहाएक तासांत उलटते आणि तिचा जोरही बदलत राहतो, गणितात तो स्थिर धरतात.)

याच उदाहरणात सरासरी वेग विचारला, तर ८ आणि ६ची सरासरी काढून ७ लिहू नका. होडी संथ वेगाने जास्त वेळ चालली आहे. एकूण अंतराला एकूण वेळेने भागा: २४ ÷ ३.५, म्हणजे ताशी सुमारे ६.८६ किमी.