पिल्लं कधी तोडायची, मादी पुन्हा कधी लावायची

हिंगण्याकडच्या आमच्या सशांच्या शेडात सध्या नऊ माद्या आहेत. सुरुवातीला मी पिल्लं अठ्ठाविसाव्या दिवशीच आईपासून तोडायचो. डोळे उघडे, दाणा कुरतडतात, मग काय हरकत? चार दिवसांत शेपटीखाली ओलं, पोट फुगलेलं, आणि अर्धी वीण गेली. आता 35 दिवसांच्या आत हात लावत नाही. बारकी असतील तर 42.

तोडताना पिल्लं हलवू नका, आईला हलवा. पिल्लं त्याच पिंजऱ्यात, त्याच दाण्यावर राहू द्या. दाणा बदलायचाच असेल तर आठवड्याने, थोडा थोडा मिसळून. कोवळी लसूणघास लगेच भरपूर टाकू नका. सुकं गवत मात्र कायम समोर हवं.

मादीच्या पाठीवरून हात फिरवा. कणा टोचत असेल तर पंधरा दिवस खाऊ घाला, अंगावर मांस असेल तर पिल्लं तोडल्यावर चार-पाच दिवसांत नराला लावा. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, उलट केलं तर ती त्याला बोचकारते. गाभणपण साधारण 31 दिवसांचं. 28व्या दिवशी विण्याची पेटी ठेवा.

एप्रिल-मेत मी लावतच नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, कूलरसमोरही नर धापा टाकतो, आणि उन्हानं बसलेला नर पावसाळा लागला तरी दीडेक महिना रिकामाच जातो.